यूपीएस गप्प झाल्यावर

यूपीएस निवडताना त्याने दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. वीज गेली तरी कॉम्प्युटर, मॉडेम, राउटर, सगळं चाललं पाहिजे. मीटिंग तुटता कामा नये! आज ऐन मीटिंगमध्ये वीज गेली, पण पडद्यावरचा एकही चेहरा अडकला नाही. त्याची छाती फुगली. यूपीएस तेवढा टूं टूं करून बोंबलत होता.

"अरे कळलं बाबा, गप बस आता," म्हणत त्याने आवाजाचं बटण दाबलं. यूपीएस गप्प झाला. टूं टूं मात्र चालूच राहिलं.

आवाज आईच्या खोलीतून येत होता. तिचं ऑक्सिजनचं मशीन भिंतीतल्या साध्या प्लगवर होतं. वीज गेल्यावर ते कशावर चालणार, हे दुकानात त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्याने यूपीएसच्या सगळ्या वायरी उपटल्या, तो छातीशी कवटाळून धावला आणि मशीन त्याला जोडलं. मशीन घरघरलं. आईचे ओठ निळसर पडले होते. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"वीज गेली होती ना रे?" ती कशीबशी म्हणाली. "तुझी मीटिंग नाही ना तुटली?"