मुकुटाचा बाक

आमच्या राष्ट्रीय मुकुटाचा कळस डावीकडे कललेला आहे. तो का कलला, हे आम्हा भावंडांना पक्कं ठाऊक. संग्रहालयात मुकुट पुसायचं काम माझं, पेटीत ठेवायचं दादाचं. निवृत्त होईपर्यंत त्यानेच केलं. पेटी मूळचीच बुटकी. कुणा घायकुत्या माणसाने कधीकाळी झाकण दाबलं आणि कळस वाकला, बस्स. म्हणून आम्ही मुकुट आडवा ठेवायचो. मी झाकण लावायला हात लावला की दादा हमखास ओरडायचा, "अगं, हळू! आणखी वाकला तर राष्ट्र वाकेल!" आणि आम्ही पोट धरून हसायचो.

आता तोच दादा भरल्या सभागृहात सांगत होता, की कळसाचा रोख एका ताऱ्याकडे आहे, आपले पूर्वज तिथून उतरले, आणि मुकुटासाठी पडलेला प्रत्येक जण त्या ताऱ्यावर जिवंत आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला! लोक डोळे पुसत होते. पहिल्या रांगेत माझी एकुलती एक लेक. तिने सैन्यात नाव घातलं होतं, उद्या निघायचं होतं. त्याला माझी ना नव्हती. पण ही बया म्हणते कशी, "आई, मी मेले तरी मरणार नाही. मामा सांगतो ना!"

व्याख्यान संपताच मी दादाला पडद्यामागे गाठलं.

"लाज नाही वाटत? झाकणाने वाकलाय तो!"

"मला सांगतेस?" तो खुर्चीत टेकला. "माझा पोरगा सीमेवर गेला तेव्हा सगळे म्हणाले, मुकुटासाठी गेला. झाकणाने वाकलेल्या मुकुटासाठी? हे एकदा मोठ्याने म्हण, आणि मग झोपून दाखव."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. त्या भाच्याला मी अंगाखांद्यावर खेळवलेलं. तरी बोलले.

"दादा, तुझा गेला रे. माझी अजून आहे."

त्याने पडद्याच्या फटीतून पहिल्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाला, "बोलाव तिला."

लेक हसत हसत आत आली. दादाने तिचा हात धरला.

"तारा-बिरा काही नाही गं. माझा पोरगा मेला. मेला म्हणजे मेला."

इतक्या वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

"जायचं तर खुशाल जा," दादा म्हणाला. "पण मरू नकोस."