हलू नकोस

त्याने एक गुडघा खडीत रोवला, मान वाकडी केली आणि कॅमेऱ्याखालच्या यंत्राला जोडलेल्या बोटभर दुर्बिणीला डोळा लावला. आत एक बारीक लाल वर्तुळ दिसत होतं. त्या वर्तुळात ध्रुव तारा यायला हवा होता, आणि तो सोडून बाकी सगळे तारे येऊन जात होते.

“सापडला का?” बायकोने विचारलं.

“सापडतोय.”

“मघाशीही सापडतच होता.”

ती थोड्या अंतरावर घडीच्या स्टुलावर बसली होती, पांढरा स्वेटर घालून, दोन्ही हात बाह्यांत ओढून घेऊन. थंडीचे दिवस असल्यामुळे अंधार लवकर पडला होता. बंद पडलेल्या या दगडखाणीत त्या दोघांखेरीज कोणी नव्हतं. शहराचा उजेड मागच्या टेकडीआड राहिला होता आणि समोर खडी फोडायच्या यंत्राची गंजलेली शेड उभी होती.

त्याने ट्रायपॉडचा एक पाय केसभर लांबवला, एक स्क्रू पिळला, पुन्हा डोळा लावला. आला. तारा अलगद वर्तुळावर येऊन बसला. त्याने श्वास सोडला, समाधानाने उठला, आणि उठता उठता त्याच्याच बुटाची ट्रायपॉडला ठोकर बसली. ये रे माझ्या मागल्या.

बायको हसली. “तुला भिंगरी म्हणतात ते काही उगाच नाही.”

तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता आणि कंपनीत त्याला खरोखरच सगळे भिंगरी म्हणत. दिवसभर लोकांच्या इमारतींमध्ये वरखाली करायचं आणि घरी आल्यावरही बूड टेकायचं नाही. जेवायचा अर्धा उभ्याने. फोनवर बोलायचा तो खोलीला फेऱ्या मारत. घरातला न गळणारा नळसुद्धा त्याने एकदा, गळत नाही याची खात्री करायला, खोलून पाहिला होता, आणि मग तो आठवडाभर गळत होता. असा माणूस तारे टिपायला बसेल असं कोणी सांगितलं असतं तर बायकोने त्याला वेड्यात काढलं असतं. पण एका स्टुडिओवाल्या फोटोग्राफरला त्याने दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर काढलं होतं. त्या उपकाराची फेड म्हणून फोटोग्राफरने एक जुना कॅमेरा आणि कपाटात धूळ खात पडलेलं हे यंत्र त्याला वापरायला दिलं. “माझ्याच्याने एवढा धीर धरवत नाही, तुम्ही बघा,” असं म्हणून. बिचारं यंत्र आगीतून निघून फुफाट्यात पडलं.

तसं यंत्राचं काम साधं होतं. पृथ्वी फिरते, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की फोटोत ताऱ्यांच्या रेघा होतात. हे यंत्र कॅमेऱ्याला ताऱ्यांच्या चालीने, डोळ्यांना कळणारही नाही इतकं सावकाश फिरवतं, म्हणजे तारे टिपक्यांसारखेच राहतात. फक्त त्याआधी त्याचा कणा बरोबर ध्रुवाकडे रोखून घ्यावा लागतो. नमनालाच घडाभर तेल. पहिल्या संध्याकाळी त्याने यंत्राचा खटका दक्षिण गोलार्धावर ठेवला आणि ते उलटंच फिरत बसलं. रेघा होत्या त्याहून लांब झाल्या. पुढच्या खेपेला त्याने ध्रुव समजून शेजारचाच कुठलातरी तारा धरला. पण या चुकांचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. फोटो बिघडला की दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायला निमित्त मिळत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ताऱ्यांपेक्षा निमित्ताचीच गरज जास्त होती.

साडूचा फोन आल्यापासून हे चाललं होतं. बायकोची धाकटी बहीण जाऊन दोन वर्षं झाली होती. साडू आता दुसरं लग्न करत होता आणि नोकरीसाठी परदेशी चालला होता. मुलीला तुम्ही ठेवून घ्याल का, असं त्याने विचारलं होतं. मुलगी पहिलीत होती. सारखी कशाच्या तरी मागे तुरूतुरू धावत असायची म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. बायकोचं उत्तर फोन ठेवायच्या आधीच तयार होतं. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, “बघू.” दुसऱ्या दिवशीही बघू म्हणाला. मग संध्याकाळी घरात थांबणंच त्याने सोडलं.

आज मात्र तो ट्रायपॉड उचलून निघाला तेव्हा बायको चपला घालून दारात उभी होती. “मी येते,” एवढंच ती म्हणाली, आणि स्टूल काखोटीला मारून जिना उतरली.

ध्रुव दुसऱ्यांदा सापडला. या वेळी तो दोन्ही हात वर करून, पकडलेल्या चोरासारखा, ट्रायपॉडपासून मागे सरला. पूर्वेला शेडच्या वर मृगाचं नक्षत्र आलं होतं. त्याने कॅमेरा तिकडे वळवला.

“मी त्या शेडजवळ बसू का?” बायकोने विचारलं. “नुसत्या ताऱ्यांत काय बघायचं? माणूस नको का कोणी?”

“बस. पण चार मिनिटं बसावं लागेल.”

“मला सांगतोस?”

ती स्टूल घेऊन शेडजवळ जाऊन बसली. त्याने शटर उघडलं आणि सवयीने चालायला म्हणून पाय उचलला.

“हलू नकोस,” ती तिथूनच म्हणाली. “तूच म्हणालास ना, खडीवर चाललं की कॅमेरा थरथरतो?”

हा तिचा कामावरचा आवाज होता. ती एक्स-रे काढायची. दिवसभर ती धडधाकट माणसांपासून कण्हणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना याच आवाजात हलू नका म्हणून सांगायची आणि सगळे ऐकायचे. त्यानेही पाय खाली ठेवला. मोटर बारीक आवाज करत होती. त्याच्या पोटऱ्या शिवशिवल्या, हात खिशात गेले, बाहेर आले, पुन्हा खिशात गेले.

“उद्या त्याला फोन करायचाय,” बायको म्हणाली.

“ठाऊक आहे.”

“काय सांगू?”

बघू हा शब्द जिभेवर आला होता. घरी तो हा शब्द टाकून गच्चीत गेला असता, नाहीतर हत्यारांची पेटी काढून बसला असता. इथे शटर उघडं होतं आणि त्याला पाऊलही उचलता येत नव्हतं.

“तो तिला परत नेईल,” तो म्हणाला.

“कधी?”

“मला काय माहीत? तिथे बस्तान बसलं की बघू म्हणालाय. आणि बघू म्हणजे काय, ते मला विचार.”

मग तो बोलतच राहिला. गेल्या सुट्टीत मुंगी महिनाभर राहून गेली, टॉर्च धरून त्याच्या मागे मागे फिरली, आणि बाप न्यायला आला तेव्हा हात हलवत निघूनही गेली. त्यानंतर किती तरी दिवस त्याचं कशात मन लागलं नव्हतं. चांगला चालणारा मिक्सर त्याने खोलून टाकला होता तो तेव्हाच. महिन्याभरात ही गत, तर दोन-चार वर्षांनी नेली म्हणजे काय होईल, याची त्याला भीती वाटत होती. एवढं त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. अंधारात, शेडच्या दिशेला तोंड करून, ते सांगणं त्याला जमलं.

“नेईलही,” बायको म्हणाली. “त्याचीच मुलगी आहे.”

“मग?”

“मग काय? नाही नेली तरी मोठी होऊन एक दिवस जाणारच. तोवर तिने कुठे राहायचं?”

शटर मिटल्याचा आवाज आला. तो सुटल्यासारखा कॅमेऱ्याकडे धावला, पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला, आणि ओरडलाच. टिपके! मृगाचे तारे स्वच्छ टिपके होऊन बसले होते. डोळ्यांना दिसत नव्हते असे कितीतरी बारीक तारे मधून मधून मोहरी सांडावी तसे पसरले होते. त्याने बायकोला हाका मारमारून बोलावलं.

तिने बराच वेळ पाहिलं. “छान आलंय की रे,” ती म्हणाली, आणि मग खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “आणि ही कोण?”

तिथे एक पांढरा फराटा होता. त्याला तोंड नव्हतं, हातपाय नव्हते.

“तू. हललीस तू.”

“मी हलले नाही.”

“अगं, चार मिनिटं म्हणजे माणूस थोडाफार हलतोच.”

“माझं रोजचं काम आहे हे. फोटो हलला तर कारणं दोनच. पेशंट हलला, नाहीतर मशीन हललं.” तिने स्वेटरच्या बाह्या पुन्हा ओढून घेतल्या. “मी बसल्या जागेवरून हलले नाही.”

ती रागाने बोलली नव्हती. त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. शेडचे खांबही फरफटल्यासारखे आले होते, आणि शेड तर हलली नव्हती. कारण त्याला माहीत होतं. फोटोग्राफरने सांगितलं होतं, यंत्र आभाळाबरोबर फिरतं, त्यामुळे जमिनीवर जे स्थिर असतं तेच पुसट होतं. म्हणून जमिनीचा फोटो मोटर बंद करून वेगळा काढायचा. तेव्हा तो स्वतःच म्हणाला होता, जमिनीचं काय एवढं? आता त्या पांढऱ्या फराट्याकडे बघताना त्याला शरम वाटली. इतक्या संध्याकाळी ही घरी एकाच प्रश्नाशी बसून राहिली होती, आणि तो हातात येतील त्या वस्तू उचलून बाहेर पळत होता.

“जा, बस पुन्हा,” तो म्हणाला. “तिथेच.”

“आणि तारे?”

“त्यांच्या रेघा होतील. होऊ देत.”

त्याने मोटर बंद केली. खाणीत एकदम शांत झालं. त्याने टायमर लावला आणि या वेळी कॅमेऱ्यामागे उभा न राहता खडी तुडवत तिच्या स्टुलापाशी जाऊन जमिनीवर मांडी घातली. खडी टोचत होती. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकला, विझला आणि शटर उघडलं.

त्याचा गुडघा नाचायला लागला तसा त्याने तो हाताने दाबून धरला.

“मुंगी रात्री दिवा लावून झोपते का गं?” त्याने विचारलं.

बायकोने मान वळवली नाही. ती समोर कॅमेऱ्याकडेच बघत राहिली, पण तिचा आवाज कामावरचा राहिला नव्हता.

“हलू नकोस,” ती म्हणाली. आणि मग, “हो. छोटा लागतो.”

शटर मिटलं. तो उठून बघायला गेला नाही.