मास्तरांनी सोडलेली जागा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पाच काळी बटणं, एक लाल बटण आणि वर उचलायची मूठ, एवढाच माझा थाट. कारखान्यात एका बाईने माझे स्क्रू पिळले, मला कानाशी धरून माझी चाकं नीट फिरतात ना ते ऐकलं आणि खोक्यात घातलं. तिचा चेहरा मला आठवत नाही, पण ती किती मन लावून ऐकत होती ते आठवतं.

मला विकत घेतलं मास्तरांनी. हे शाळेतले मास्तर नव्हेत. चित्रपटांच्या स्टुडिओत नटनट्यांकडून संवाद घोटून घ्यायचं त्यांचं काम. तिथेच त्यांना एक नवखी नटी भेटली. मास्तर तिला भिंगरी म्हणत, मीही तेच म्हणेन. तिला वाचायला दिलं की अक्षरं डोळ्यांपुढे नाचत. पण एकदा कानावर पडलेलं ती विसरत नसे. म्हणून मास्तरांनी एक रीत काढली. समोरच्या पात्राची वाक्यं ते माझ्यात भरत, आणि तिच्या वाक्याची पाळी आली की मांडीवर बोटांनी ठेका धरून गप्प बसत. तिला लागेल तेवढाच वेळ, ना कमी ना जास्त. टेप लावली की मास्तर बोलत, मग रिकामी जागा येई, आणि त्या जागेत भिंगरी बोले.

त्यांचं लग्न झालं. तिचे चित्रपट गाजले. पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा तिने ते माझ्या शेजारी ठेवलं आणि म्हणाली, "निम्मं याचं." त्या दिवशी माझ्यात बॅटरी नसती तरी मी चाललो असतो!

पण नाव वाढलं तशी तिची झोप उडाली. झोपेसाठी गोळ्या आल्या, गोळ्यांच्या मागोमाग दारू आली. मास्तर तिची पर्स तपासू लागले, कपाटाला कुलूप घालू लागले. ती ओरडे, "मी नवरा केलाय की तुरुंगाधिकारी?" एकदा तिने मला भिंतीवर फेकलं. माझा कोपरा उडाला. मास्तरांनी तो गोळा करून डिंकाने चिकटवला, पण संसार चिकटेना. सातव्या वर्षी घटस्फोट झाला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मास्तर म्हणाले, "यापुढे तुझ्यावर पहारा ठेवणार नाही. शब्द देतो. संवाद मात्र भरून देत जाईन."

"द्या की," ती म्हणाली. "तेवढंच तर तुम्हाला जमतं."

ते शब्दाला जागले. तिला काम मिळालं की मास्तर टेप भरून दारात हजर. भिंगरीची थोरली बहीण तिच्याकडेच राहायची. ती दार उघडता उघडता म्हणे, "आले आमचे माजी जावईबापू! सोडचिठ्ठी मिळाली तरी पाय काही सुटत नाही."

पुढे कामं मिळेनाशी झाली. भिंगरी सहा महिने आजारी होती. चार वर्षं मी फडक्यात गुंडाळलेला पडून होतो. मग एका दिग्दर्शकाने धाडस करून तिला आईची छोटी भूमिका देऊ केली. अट एकच: पहिल्या दिवशी दहाच्या ठोक्याला शुद्धीत सेटवर उभं राहायचं. नाहीतर दुसरी नटी तयारच होती, तिची वेणीसुद्धा घालून झाली होती.

त्या दिवशी साडेनऊला भिंगरीने मेकअपच्या खोलीला आतून कडी घातली.

"तिच्या पर्समध्ये गोळ्यांची बाटली आहे," बहीण घाबरून म्हणाली. "दार तोडा, भाऊजी!"

मास्तरांनी दाराला खांदा लावला. मग काढला.

"मी शब्द दिलाय, ताई."

"त्या शब्दाचं काय लोणचं घालायचंय?"

मास्तरांनी सेटवरच्या सुताराला पहार घेऊन शेजारी उभं केलं. "आजच्या भूमिकेची ही टेप दोन मिनिटांची आहे," ते म्हणाले. "संपेपर्यंत ती बोलली नाही, तर शब्द गेला खड्ड्यात. दार फोडायचं." आणि त्यांनी मला दाराशी ठेवून बटण दाबलं.

मित्रांनो, माझा रबरी पट्टा सैल झाला होता. आवाज घसरला तर? मी जीव मुठीत धरून फिरत होतो.

"बाई, हे घर कुणाच्या नावावर आहे?" माझ्यातून मास्तर बोलले. मग जागा आली. आतून काहीच आवाज नाही.

"तुमच्या मुलाचं पत्र आलंय. वाचून दाखवू?" पुन्हा जागा. पुन्हा शांतता. सुताराने पहार उचलली.

"मग त्याला काय कळवू?"

आतून घोगरा आवाज आला. "त्याला कळवा... आई रागावलेली नाही. पण वाट बघून बघून तिला..."

तेवढ्यात माझ्यातले मास्तर पुढचं वाक्य बोलून मोकळे झाले! आत खुर्ची करकरली.

"मास्तर! माझं वाक्य अर्ध्यात आहे आणि तुम्ही पुढे पळताय?"

बाहेर मास्तरांनी मला बंद केलं आणि सुताराला पहार खाली ठेवायची खूण केली. ते हसत होते. "चुकलं गं. मी ठेका तुझ्या तरुणपणीचा धरला. आजारानंतर तू थांबून थांबून बोलतेस, ते ध्यानातच घेतलं नाही."

"म्हातारी झालेय, असं सरळ म्हणा ना."

"मग म्हातारीसाठी नव्याने भरतो. पण त्यासाठी तुला समोर बसावं लागेल."

मग कडी निघाली. रंग गालांवर ओघळलेला, हातात बाटली.

"झाकण उघडलं होतं," ती म्हणाली. "तोंडात एकही गेलेली नाही."

मास्तरांनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बहिणीने घेतली. मास्तरांनी आवाज भरायचं लाल बटण दाबलं. पलीकडे हातोडे चालू होते. बहीण कडाडली, "अहो, ठोकाठोकी थांबवा! इथे घटस्फोटित जोडपं बोलतंय!"

सगळा सेट हसला. भिंगरीही हसली. मग तिने वाक्य पुरं केलं, "...तिला आता उशिरा ऐकू येतं." मास्तरांची बोटं मांडीवर हळूहळू पडत होती, तिच्या श्वासाबरोबर. दहाला दोन मिनिटं कमी असताना ती सेटवर उभी राहिली.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. नंतरही दोनदा तिला दवाखान्यात न्यावं लागलं. दोन्ही वेळा मास्तर खाटेशेजारी बसून होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, तिच्याशीही नाही नि दुसऱ्या कुणाशीही नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं यंत्र अडखळलं तर लगेच भंगारात देऊ नका. पट्टा बदला, थोडं तेल द्या. आणि घरातलं कुणी बोलताना थांबलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. कालच्यापेक्षा आज त्याला जरा जास्त वेळ लागत असेल. तेवढा वेळ गप्प बसा.