पंखातली पाच बोटे

मित्रांनो, मी वटवाघळाचा एक जुना सांगाडा आहे. घाबरू नका! दात आहेत, पण भूक केव्हाच मेली आहे.

जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका गुरुजींनी मला घडवले. भिंगातून बघत, केसासारख्या बारीक तारेने त्यांनी माझे हाड न् हाड जोडले आणि मला काचेच्या पेटीत बसवले. कित्येक वर्षे मुले माझ्याभोवती गर्दी करत. मग वर्गात मोठा पडदा आला. त्यावर जिवंत वटवाघळे उडू लागली आणि मी प्रयोगशाळेच्या कपाटावर धूळ खात पडलो.

एके सकाळी मुख्याध्यापकांनी फर्मान काढले, "जुनं सगळं भंगारात! दुपारी टेम्पो येतोय."

मला उचलायचे काम सफाईच्या मावशींकडे आले. त्या मला भारी घाबरत. त्यांनी डोळे मिटूनच पेटी उचलली आणि व्हायचे तेच झाले. पेटी निसटली, काच फुटली, माझा उजवा पंख मनगटापासून निखळून फरशीवर विखुरला.

आवाज ऐकून विज्ञानाच्या बाई धावत आल्या.

"टाकायचंच होतं, पण मोडायचं नव्हतं हो, बाई!" मावशी रडवेल्या झाल्या.

"मग जोडू या. तुमचा उजवा पंजा टेबलावर ठेवा."

"माझा? कशाला?"

"नकाशा म्हणून."

मावशींनी पंजा पसरला आणि भीतभीत एकेक हाड त्याच्याशेजारी मांडू लागल्या. आकडीसारखा आखूड तुकडा हाती येताच त्या थबकल्या. "हा अंगठा?"

"बरोब्बर!"

"आणि हे सगळ्यांत लांब, ते मधलं बोट! अगंबाई, हा पंख कसला, हा तर हात आहे!"

"यालाच समजातता म्हणतात," बाई हसल्या. "सम म्हणजे सारखं, जात म्हणजे जन्मलेलं. हा शब्द ग्रीकवरून आलेल्या ‘होमॉलॉजी’ या इंग्रजी शब्दासाठी घडवला. होमोस म्हणजे तोच, लोगोस म्हणजे इथे नातं. आधी लोकांना नुसती सारखी बांधणी दिसली. कारण मागाहून उमगलं. फार फार पूर्वी आपला आणि याचा पूर्वज एकच होता. हाडं तीच, कामं वेगळी. याचा हात उडतो, तुमचा झाडू मारतो."

"म्हणजे हा माझा लांबचा भाऊ!"

"फारच लांबचा."

"असू दे. नातं ते नातं."

बोलता बोलता दोघींनी माझी हाडे डिंकाने चिकटवली. इतक्यात टेम्पोचा भोंगा वाजला. मुख्याध्यापक दारात आले. "मावशी, हे अजून इथेच?"

सकाळपर्यंत मला घाबरणाऱ्या मावशी माझ्यासमोर आडव्या आल्या. "सर, डिंक ओला आहे. आधी याची बोटं मोजा, मग टाकवत असेल तर खुशाल टाका."

सर वाकले. मोजता मोजता त्यांनी नकळत खिशातला स्वतःचा हात बाहेर काढला. टेम्पो माझ्याविनाच गेला.

आता मला नवी काच आहे, आणि मुलांशी माझी ओळख मावशीच करून देतात. तेव्हा मित्रांनो, जुने काही टाकण्याआधी ते एकदा डोळे उघडे ठेवून बघा. आणि मोडलेच, तर सावकाश जोडा. माझी करंगळी जराशी वाकडी बसली आहे. मावशी आपली वाकडी करंगळी पुढे करून म्हणतात, "आमच्या घराण्यातच आहे!"