बापूकाकांनी पाहिलेले इंग्रजाचे घर

माघातल्या सकाळी खाडीचे पाणी मिठागरांच्या चौकोनांत भरलेले असे आणि त्यावरून परतलेला उजेड आमच्या ओटीच्या आढ्यावर हलत राही. त्या हलत्या उजेडाखाली बापूकाका वाचत बसत, मोठ्याने. त्यांचा आवाज भारदस्त मुळीच नव्हता. भरती चढताना चिखलातून पाणी जसे कुणाला न कळवता वर येते, तसा तो हळूहळू घर भरून टाकी. वाचता वाचता एखादा शब्द मनास आला नाही की ते थांबत, चष्मा कपाळावर चढवत, आणि डोळे मिटून दुसरा शब्द येण्याची वाट पाहत. त्या थांबण्यात अधीरता नसे. मोहर धरलेल्या झाडाने फळाची वाट पाहावी, तसे ते थांबणे होते.

बापूकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. भाईंदरच्या शाळेत इंग्रजी शिकवीत, आणि मुंबईच्या एका साप्ताहिकात चित्रपटांची परीक्षणे लिहीत. बेचाळीसच्या चळवळीत वडील तुरुंगात गेले. परतले ते ताप अंगात घेऊनच, आणि काही महिन्यांत गेले. तेव्हा काकांनी मुंबईतली आपली खोली सोडली आणि ते आमच्या घरी राहायला आले. लग्नाचा विषय कुणी काढला तर नुसते हसत. आई जवळच्या राई गावची, अक्षरओळख नसलेली. पण काकांचा प्रत्येक लेख टपालात पडण्याआधी ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून ऐके. तिने मान हलवली की काका पाकीट बंद करीत. त्या दोघांमधला हा अबोल संकेत मला तुळशीपुढच्या दिव्याइतका नित्याचा वाटे.

महायुद्ध संपले त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईत एक इंग्रजी चित्रपट आला. त्यात राजा नव्हता, सरदार नव्हता, गाणे तर नव्हतेच. एका धुरकट गावातले विटांचे घर, रेल्वेत राबणारा बाप, शिवणकाम करणारी आई, दोन मुली, आणि युद्धावर गेलेला मुलगा. एवढ्यांचेच ते चित्र. बटाटे सोलले जातात, मोजे रफू होतात, पाऊस पडत राहतो, आणि मुलगा परत येत नाही. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याला प्रामाणिक म्हणून चार ओळींत वाटेला लावले. मराठी पत्रांतल्या एकाने त्याला कंटाळवाणा ठरवले; दुसऱ्याने लिहिले की जगाला रडवून झाल्यावर साहेब आता स्वतःचे अश्रू विकायला निघाला आहे. प्रेक्षक मध्यंतरात उठून जात.

बापूकाकांनी मात्र लिहिले की आपल्यावर राज्य करणारा देश वेगळा आणि त्या देशातले हे घर वेगळे; या घराच्या भिंतीआड जे दुःख आहे त्याची भाषा आपल्याला शिकावी लागत नाही. तो लेख त्यांनी घरात वाचून दाखवला नाही. शाळेतूनच परस्पर टपालात टाकला.

अंक आला आणि गाव तापले. वाचनालयातल्या प्रतीत काकांच्या नावावर कुणीतरी होडीला लावायचे डांबर फासले. संपादकांनी निरोप धाडला की पुढच्या अंकात दिलगिरी व्यक्त करावी. संध्याकाळी दाजी आले. ते वडिलांबरोबर तुरुंगात होते. तापात वडिलांच्या उशाशी बसलेला माणूस तो. ओटीवर बसून त्यांनी पाणीही घेतले नाही.

"बापू, तुझा भाऊ कुणामुळे गेला, ते विसरलास?" त्यांनी अगदी हळू विचारले.

"विसरलो नाही, दाजी," काका म्हणाले.

दाजी गेले. आई दाराआड होती. तिने सगळे ऐकले होते. त्यानंतर घरात ताटे वाढली जात होती, पाणी तापत होते, माझी वेणी घातली जात होती. पण आई काकांशी बोलत नव्हती. ते मौन खाऱ्या वाऱ्यासारखे होते. दिसत नव्हते, पण जिथे लागेल तिथे गंजवीत होते. काका ओटीवर बसत आणि वाचत नसत. ते आता हे घर सोडून जातील, या भीतीने मी त्यांच्या चपला जागेवर आहेत का, ते पाहत असे.

शेवटी एका सकाळी आईच बाहेर आली.

"भावजी, मना का न्हाय वाचून दाखवलंत?"

"भीती वाटली, वहिनी," काका म्हणाले.

आईने खाडीकडे तोंड फिरवले. मग म्हणाली, "तो शिनेमा मना दावा. मंग मी सांगन, माफी मागायची का न्हाय."

आईने त्याआधी एकही चित्रपट पाहिला नव्हता. दुपारच्या खेळाला आम्ही तिघे मुंबईला गेलो. तिने लग्नातले लुगडे नेसले होते, जणू कुणाच्या घरी जायचे होते. अंधारात पडदा उजळला आणि काका तिच्या कानाशी इंग्रजीचे मराठी करू लागले. थोड्याच वेळात तिने हाताने त्यांना थांबवले, समजतंय, म्हणाली. पुढे तिने पापणी हलवली की नाही, सांगता येणार नाही. पडद्यावरचा राखाडी प्रकाश तिच्या चेहऱ्यावरून ढगाच्या सावलीसारखा सरकत होता. त्या चित्रात एके ठिकाणी ती इंग्रज बाई जेवणाचे टेबल मांडते. एक बशी जास्त मांडते. नवरा आत यायच्या आधी ती उचलते, स्वच्छ असूनही पुसते, आणि फळीवर परत ठेवते. एवढेच. तिथे आईचा हात माझ्या हातात आला आणि खेळ संपेपर्यंत तसाच राहिला.

बाहेर पडल्यावर आम्ही समुद्राकाठच्या कठड्यावर बसलो. ऊन उतरले होते. आईच बोलली, लाटांकडे पाहत.

"ती बाई माझ्यावानी करते, भावजी. तुमी दोघं जेवायला बसायच्या आदी मी पन एक ताट काढते, नि परत ठेवते. कुनाला म्हायत न्हाय."

काकांनी चष्मा काढला. आई पुढे म्हणाली, "त्यांच्या सरकारनं माझं मानूस नेलं, ते मी मरंपर्यंत इसरनार न्हाय. पन त्या बाईशी माझं भांडन न्हाय. माफी मागू नका."

आपल्या वहिनीसमोर तो माणूस कधी रडला नव्हता. भावाच्या चितेपाशीही नाही. त्या दिवशी उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, तो लहान मुलासारखा रडला, आणि आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

काकांनी दिलगिरी व्यक्त केली नाही. दुसरा लेख लिहिला, आईला आधी वाचून दाखवला आणि तिच्या परवानगीने तिचे बोलणे, तिचे नाव न घालता, त्यात उतरवले. संपादकांनी तो छापला. पण पुढे त्यांनी काकांकडे लेख मागितला नाही. काकांचे परीक्षण लिहिणे तिथेच थांबले. दाजी बऱ्याच दिवसांनी पुन्हा ओटीवर आले, पाणी प्यायले, भाताच्या पिकाविषयी बोलले. त्या चित्रपटाचे नाव मात्र दोघांनीही कधी काढले नाही. लिहिणे थांबल्याची खंत काकांनी दाखवली नाही. ते सकाळी पुन्हा वाचू लागले होते, आणि माझ्यापुरते जग पूर्ववत झाले होते.

आता मागे वळून पाहताना जाणवते की बापाविना वाढणाऱ्या मुलीच्या हाती द्वेष ठेवणे फार सोपे असते. ती तो वडिलांची ठेव म्हणून आयुष्यभर जपते. माझ्या घरात तो ठेवायला माणूस होता, कारण होते, गावाची संमतीही होती. बापूकाकांनी तो माझ्या हाती ठेवला नाही. त्यासाठी त्यांनी आपल्या आवडीचे एकमेव काम गमावले, आणि हे मला समजायला माझे केस पिकावे लागले. आभार मानावेत तर ऐकायला ते नाहीत; आईही नाही.

तो चित्रपट पुन्हा कधी कुठे लागल्याचे ऐकिवात नाही, आणि साप्ताहिकाचे अंक खाऱ्या हवेने केव्हाच खाल्ले. काळ माणूस नेतो, त्याचा आवाज नेतो, त्याने लिहिलेले कागदही नेतो. पण अनोळखी दुःखापाशी क्षणभर थांबावेसे वाटते तेव्हा ते थांबणे माझे एकटीचे नसते, आणि गेलेल्या माणसाचे असणे याहून वेगळे काही असेल, असे मला आता वाटत नाही.