पहिल्या रांगेतली ऊब

उणे चौतीस तापमानात विनिपेगची माणसं रविवारी सकाळी घराबाहेर पडतात ती दोनच कारणांनी: गाडी सुरू होते का बघायला, नाहीतर ब्रदर डेल्बर्टच्या प्रार्थनेला. ऑफिसांच्या पाच मजली इमारतीतला तळमजल्याचा हॉल गच्च भरला होता. सव्वादहाला पहिली बाई खुर्चीतून घसरली. गाल गुलाबी, डोळे मिटलेले. मागोमाग आणखी दोघं आडवे झाले.

"डोकं जड होतंय? पाप निघतंय," ब्रदर दाराशी उभे राहून सांगत होते. "मळमळतंय? जास्त पाप निघतंय."

त्यांच्या धर्मशास्त्रात ओकारीलाही जागा होती. नव्हती ती फक्त डॉक्टरला.

पहिली रांग सर्वांत आजारी माणसांची. तिथल्या जाळीतून गरम हवा यायची आणि ब्रदरांच्या मते आत्माही तिथूनच उतरायचा. गेल्या रविवारी त्याच रांगेत मार्लीनचा नवरा व्हर्नन हृदय बंद पडून गेला. "हसत गेला," ब्रदर म्हणाले. आज त्याच्या खुर्चीत मार्लीन बसली होती.

मार्लीन इमारतीत साफसफाई करायची. ओरेस्ट हनातियुक तिथला मेंटेनन्स इंजिनियर. सोळा वर्षं दोघं बॉयलरखोलीत शेजारी बसून डबा खात आले होते. दफनाच्या दिवशी ती त्याला म्हणाली होती, "जानेवारीपासून उतरतोय आत्मा. जितकी थंडी, तितका जोर."

ते वाक्य ओरेस्टच्या डोक्यातून जाईना. थंडीबरोबर जोर धरणारी एकच गोष्ट त्याला ठाऊक होती. आज त्याने तळघरात जाऊन बॉयलर बंद केला, अग्निशमन दलाला फोन केला आणि गॅस मोजायचं यंत्र घेऊन तो हॉलमध्ये शिरला. पहिल्या रांगेशी यंत्र किंचाळायला लागलं.

"बघा, यंत्रालाही साक्षात्कार झाला," ब्रदर म्हणाले. लोक हसले.

"विषारी वायू आहे. वास नाही, रंग नाही. सगळे बाहेर व्हा. मार्लीन, ऊठ."

"व्हर्नन इथून गेला. मी इथेच बसणार."

ओरेस्टने दोन्ही बाजूंची दारं सताड उघडली.

"दार लाव रे गाढवा, गोठवतोस काय," मागून कुणीतरी ओरडलं. थोड्या वेळाने पडलेली बाई उठून बसली आणि तिने आपला कोट मागितला.

"बॉयलरला जळायला बाहेरची हवा लागते," ओरेस्ट म्हणाला. "ती येते ती बॉयलरखोलीची जाळी बुजलेली होती. मग हा वायू खोलीतच साठायचा. हॉलला गरम हवा नेणारा पाइप त्याच खोलीतून येतो, आणि तो फाटलाय. पंखा रविवारी दहाला सुरू होतो. तुमचा आत्मा सव्वादहाला उतरतो."

"आणि ब्रदर, तुम्ही कायम दाराशीच का?" कोटवाल्या बाईने विचारलं.

"तिथून आवाज चांगला पोचतो," असं म्हणत ब्रदर हातमोजे शोधायला लागले.

"जाळी कुणी बुजवली?" मार्लीनने विचारलं.

ओरेस्टने जाळीतून उपसून काखेत धरलेलं निळं ब्लँकेट पुढे केलं. कोपऱ्याला व्हर्ननच्या सिगारेटने पाडलेलं भोक होतं. जानेवारीत जाळीतून येणाऱ्या गार वाऱ्याने पाइप गोठायला लागले तेव्हा तिनेच ते घरून आणून दिलं होतं: फुटले तर पुसायला मलाच लागेल, म्हणून.

"मी कोंबलं," ओरेस्ट म्हणाला. "कोंबू नये हे मला माहीत होतं, तुला नव्हतं. रिपोर्टात तसंच लिहिणार आहे."

तिने त्या भोकात बोट घातलं. बराच वेळ काढलं नाही. मग ती उठली आणि बाहेर बर्फात जाऊन उभी राहिली.

चमत्कारात डोकं दुखायला लागलं, तर आधी खिडकी उघडा. देव आत आलाच असेल, तर थोड्या थंडीने तो निघून जायचा नाही.