डबल बेल

बाजीराव साळवे यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, पण एकदाही ती स्वतःच्या मनाने हलवली नाही. कंडक्टरने दोरी ओढायची, टण टण व्हायचं, मग पहिला गिअर. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मधल्या वेळात ड्रायव्हरने विचार करायचा नसतो, आणि या बाबतीत त्यांची सेवा निष्कलंक होती. आईबापांनी नाव बाजीराव ठेवलं होतं खरं, पण स्वारीवर निघायला त्यांना कायम मागून हुकूम लागे.

घरी मोटारसायकल होती. तिथे हुकूम यशोधराबाईंचा. मागे नीट बसून झालं की त्या नवऱ्याच्या पाठीवर दोन टिचक्या मारत. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती थट्टा होती. पुढे थट्टा विसरली गेली आणि टिचक्या राहिल्या. बाई आळे गावातल्या अंगणवाडीत सेविका होत्या; तिथे त्यांना सोडायला जाताना, आळेफाट्याला बाजाराला जाताना, टिचक्या पडल्याशिवाय गाडी जागची हलत नसे.

दोघं दरवर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीला नागपूरला जात. लाखोंच्या गर्दीचं यशोधराबाईंना काही वाटत नसे, संडासाच्या रांगेचं वाटे. एकदा परत येताना त्या म्हणाल्या, बुद्धगया बघायची आहे, पण स्वतःचा संडास बरोबर असेल तरच. बाजीरावांनी हे गंभीरपणे घेतलं. निवृत्तीनंतर चाकांवरचं घर घ्यायचं असं ठरलं. अंगणवाडीच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर, जिथे पोरांची नावं लिहायची त्या रकान्यात, बाईंनी सांची, सारनाथ, कुशीनगर, बुद्धगया अशी नावं लिहिली. घर कसलं घ्यायचं, हे मात्र त्यांनी नवऱ्यावर सोडलं. गाडी हे तुमचं खातं, म्हणाल्या.

मग गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी त्यांना छातीत जळजळ व्हायला लागली. ॲसिडिटी असेल, पण दाखवून येऊ, म्हणून दोघं निघाले. बाजीरावांनी गाडी सुरू केली. बाई मागे बसल्या. टिचक्या आल्या नाहीत. पदर सावरत असेल, असं त्यांना वाटलं. गाडी न्यूट्रलवर धडधडत राहिली आणि बाजीराव समोर बघत राहिले. मग पाठीवर बाईंचं कपाळ टेकलं.

डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. डॉक्टर भला माणूस आहे, हे बाजीरावांना तेव्हाच कळलं.

त्यानंतर मोटारसायकलवर ताडपत्री पडली. बाजीराव एसटीने फिरू लागले, प्रवाशांच्या बाजूला बसून. अकरा महिने गेले. मग एके दिवशी हजेरीपट पिशवीत घालून ते चांदच्या कारखान्यावर गेले. तिची चार गावं बाकी होती आणि ती आपण एकट्याने पुरी करायची, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

चांद आळेफाट्याजवळ पिकअपच्या बॉड्या बांधतो. आजवर त्याने वाहून नेलेला सगळ्यांत नाजूक माल म्हणजे टोमॅटो. पण पुण्याच्या एका हौशी माणसाने त्याच्याकडून चाकांवरची दोन्ही प्रकारची घरं बनवून घेतली होती आणि मग हौस फिटल्यामुळे एकही नेलं नव्हतं. त्याने बाजीरावमामांना फरक समजावला. मोटरहोम म्हणजे गाडीतच घर. कॅराव्हॅन म्हणजे उसाची ट्रॉली, फक्त आत उसाऐवजी गादी. ती दुसऱ्या गाडीने ओढायची, हवं तिथे सोडायची, आणि चालू असताना आत कुणी बसायचं नाही.

गावाने यात लक्ष घातलं नसतं तर ते आळं कसलं. महिनाभर चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. ज्यांनी जन्मात दोन्हीपैकी एकही वाहन पाहिलं नव्हतं त्यांची मतं सगळ्यांत ठाम होती. सावळाराम गाढवे म्हणाले, कॅराव्हॅन घ्या, घर झाडाखाली सोडून भाजी आणायला मोकळे. त्यावर जानकू म्हणाला की आपल्याकडे माणूस रात्री लघवीला उठला तरी आधी बिबट्याला विचारून बाहेर पडतो, त्यामुळे पलंगावरून थेट स्टिअरिंगवर जाता आलं पाहिजे. बुद्धगयेच्या रस्त्यावर जुन्नरचा बिबट्या कशाला येईल, हे कुणी विचारलं नाही. मुलगी स्नेहा पिंपरीहून फोनवर रडली. दोन्ही नको, माझ्याकडे या, म्हणाली. आणि जायचंच असेल तर मोटरहोम.

चांदचं मतही तेच पडलं.

"मामा, एकट्या माणसाला मोटरहोमच बरं," तो म्हणाला. "ट्रॉली रिव्हर्स घ्यायची म्हंजी मागं कुणीतरी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणाया पायजे. तुमच्या मागं कोण हाय?"

बोलल्यावर त्याने जीभ चावली. बाजीराव म्हणाले, बरोबर आहे तुझं.

गुरुवारी सकाळी दहाला मोटरहोमची चाचणी ठरली. बाजीराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. हजेरीपट त्यांनी मागच्या ओट्यावर, छोट्या शेगडीशेजारी ठेवला. संडासाचं दार उघडून पाहिलं, पाणी सोडून पाहिलं, मान हलवली. मग सीटवर बसले, आरसे लावले, इंजिन सुरू केलं. आवाज गोड होता. आतल्या आरशात पलंग दिसत होता, त्यावर घडी न मोडलेली चादर.

गाडी हलली नाही.

चांदला वाटलं, मामा मनात काही म्हणत असतील. त्याने बिडी पेटवली. ती संपली तरी गाडी तिथेच. तो खिडकीशी गेला.

"काय झालं मामा?"

"काही नाही," बाजीराव समोर बघत म्हणाले. "बसू दे की नीट."

चांदने आत पाहिलं. आत कुणी नव्हतं. आळेफाट्यावर वाढलेल्या माणसाला एसटी समजावून सांगावी लागत नाही. तो गाडीच्या मागे गेला आणि पत्र्यावर तळहाताने दोनदा थाप मारली.

गाडी लगेच निघाली. एकतीस वर्षांची सवय, पत्रा वाजला की क्लचवरचा पाय आपोआप उठतो. ती ऐटीत फाटकापर्यंत गेली आणि हायवेच्या कडेला, कांद्याचे ट्रक जाऊ द्यायला, थांबली. ट्रक गेले. रस्ता अगदी मोकळा झाला. मागून आलेल्या पिकअपने हॉर्न मारला, मग हॉर्नवरून हात काढलाच नाही. बाजीराव आरशात बघत होते, चादरीची घडी तशीच होती.

चांद धावत आला. पत्र्यावर थाप मारायला त्याने हात उचलला, आणि मग तो तसाच खाली घेतला. पुढे येऊन त्याने दार उघडलं.

"मामा, मी कुठवर थापा मारीत येऊ?"

बाजीरावांनी हँडब्रेक ओढला. 

"मी वाट बघत बसलो रे चांद," ते म्हणाले. "ती मागं बसली होती, आणि मी वाट बघत बसलो."

चांदने पिकअपवाल्याला हात जोडले आणि मामांना पलीकडच्या सीटवर सरकायला सांगून गाडी स्वतः आत घेतली. चहा मागवला. दोघांनी तो प्यायला. कप खाली ठेवून बाजीराव म्हणाले, कॅराव्हॅन देऊन टाक.

ती ओढायला त्यांच्याकडे गाडी नाही, हे चांदला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. चांदने दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर लावून कॅराव्हॅन मामांच्या घरामागे, शेवग्याखाली नेऊन उभी केली. तिच्या चाकांना दगड लावले. गावाला हसायला वर्षभराचा ऐवज मिळाला. म्हातारा यडा झाला, मोटरहोम सोडून बिनइंजिनाची घेतली. पण बिनइंजिनाच्या गाडीचं एक असतं. ती न्यूट्रलवर धडधडत नाही. ती उभी राहिली तर ती उभीच असते, कुणामुळे खोळंबलेली नसते.

दुपारी बाजीराव आत जाऊन बसतात, पलंगावर नाही, दाराजवळच्या स्टुलावर. हजेरीपट फळीवर आहे. जाणारायेणारा विचारतो, मामा, कवा निघताय? सगळी बसली की, असं ते सांगतात, आणि ड्रायव्हर लोकांचा विनोद म्हणून लोक हसून पुढे जातात.

दर रविवारी ते बादलीभर पाणी आणि ब्रश घेऊन आतला संडास घासून काढतात. तो अजून कुणी वापरलेला नाही.